पुलावरची बिऱ्हाडे

स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील साउथ ब्रिजवरून जाणाऱ्यास आपण पुलावर आहोत, याची जाणीवच होत नाही. १७८५ मध्ये पायाभरणी होऊन १७८८ मध्ये रहदारीस खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत. परंतु उघडी दिसते ती काउगेट रस्त्यावरील एकच. बाकीच्या दुतर्फा उभारलेल्या दगडी इमारतींआड गेल्या. रस्त्यालगत दुकाने, वर बिऱ्हाडे आणि कमानींच्या पोटात कोठारे व कारागिरांच्या खोल्या, अशी ही जॉर्जियन काळातील रचना. जागेचा इतका काटकसरी उपयोग क्वचितच आढळेल! मात्र पाणी झिरपू लागल्याने खालच्या खोल्या व्यापाऱ्यांनी सोडल्या व तेथे निर्धनांनी आसरा घेतला. डिसेंबर २००२ च्या आगीत या परिसरातील काही इमारती नष्टही झाल्या.

अशा सामायिक इमारतीत खरा प्रश्न छपराचा. ते गळते वरच्याच्या घरात. तळमजल्यावरील दुकानदाराने खर्च का सोसावा? स्कॉटलंडच्या २००४ च्या कायद्याने याचा निर्णय केला. खरेदीखतात वेगळी तरतूद नसल्यास छपराची दुरुस्ती मालकांच्या बहुमताने ठरते आणि खर्चाचा वाटा दुकानदारासही द्यावा लागतो.