घटनेची दाद कोणी मागावी?



कायदेमंडळाचा कायदा घटनेविरुद्ध असेल तर तो कोणी रद्द करावा, हा वाद वकिलांनी पुष्कळ घातला आहे. आपला सवाल निराळा आहे: दाद मागायला जाऊ कोण शकतो?

हॉलंडात घटनेचे १२० वे कलमच न्यायाधीशाला बजावते की, पार्लमेंटचा कायदा घटनेला धरून आहे की नाही, हे तू पाहू नकोस. फ्रान्सने १९५८ साली घटना-परिषद नेमली, पण तिचे दार उघडे कोणाला? राष्ट्राध्यक्ष, मुख्य प्रधान अशा बड्यांना! साध्या पक्षकाराला आपल्या खटल्यात हा मुद्दा काढण्याची मुभा मिळाली ती २०१० साली. अमेरिकेत १८०३ पासून न्यायालय घटनाविरोधी कायदा रद्द ठरविते. मात्र आधी स्वतःचे नुकसान दाखवून खटला उभा करावा लागतो, आणि वकिलाची फी कोणी भरावी?

जर्मनीची तऱ्हा पाहा. कार्ल्सरूए शहरी १९५१ पासून केवळ घटनेसाठी वेगळे न्यायालय आहे. न्यायाधीश सोळा, आठ-आठांची दोन मंडळे. शेतकरी, लोहार, मोलकरीण, कोणीही आपल्या हाताने अर्ज लिहून धाडावा; कोर्ट-फी नाही, वकीलही नलगे. बहुधा इतर कोर्टांच्या पायऱ्या आधी झिजवाव्या लागतात, आणि शंभरांतले फार थोडे अर्ज मान्य होतात. तरी अर्ज वाचला तर जातो!

आपल्याकडे मूलभूत हक्कांसाठी ३२ व्या कलमान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. १९७९ साली तिहार तुरुंगातील एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिले. ते पत्रच अर्ज मानून न्यायालयाने वकील नेमले आणि त्यांना चौकशीस तुरुंगात धाडले.