टपोरे डोळे आणि काचबिंदू

तायांनो, बाळाचे डोळे टपोरे दिसले की आपण दृष्ट काढतो. पण डोळा मोठा होत चाललाय, बुबुळ धुरकट दिसतंय, सारखं पाणी येतंय, उजेडात बाळ डोळे मिटून घेतंय, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट नीट तयार झालेली नसते, म्हणून आत दाब वाढतो. तान्ह्या बाळाचं नुसत्या थेंबांवर भागत नाही, ऑपरेशन करून वाट मोकळी करावी लागते. थेंब ऑपरेशनपर्यंत आणि नंतर गरज पडली तर. आणि हो, आजीच्या काचबिंदूचे थेंब बाळाला घालू नका, काही थेंबांनी श्वास मंदावतो. भूल म्हटलं की सासूबाई घाबरतात, साहजिकच आहे. पण गेलेली नजर परत येत नाही. नंतरची तपासणीही आयुष्यभर असते. गाडीभाड्यापायी तारीख चुकत असेल तर गटातून अंतर्गत कर्ज मागा.