किरकोळ जखमेची घरगुती शुश्रूषा
(वार्षिक सभेच्या प्रसंगी आमच्या ड्रेसिंग विभागातर्फे करण्यात आलेले भाषण)



विळीवर बोट कापणे, खुरपे लागणे, अंगणात मुलाचा गुडघा फुटणे हे कोणत्याही घराला चुकलेले नाही. अशी जखम बहुधा आपोआप भरून येते. परंतु चिघळून आमच्याकडे येणाऱ्या जखमांवर आम्हांस हळद, तंबाखू, राख, क्वचित शेणही आढळते. हळदीच्या गुणांशी आमचे वैर नाही. मात्र डब्यातील हळद निर्जंतुक नसते.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी, तीही घड्याळ पाहून. मध्येच उघडून पाहिले की धरू लागलेली गुठळी सुटते. नंतर पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली जखम धुवावी, भोवतालची त्वचा साबणाने स्वच्छ करावी. स्पिरिट वा हायड्रोजन पेरॉक्साइड झोंबते म्हणून गुणकारी, ही समजूत खरी नव्हे; त्याने नव्या पेशींनाही इजा पोहोचते. ‘जखमेला हवा लागू द्या’ हा वडीलधाऱ्यांचा सल्लाही आता मागे पडला आहे. झाकलेल्या, ओलसर जखमेवर त्वचा लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. पट्टी रोज, आणि भिजल्यास लगेच बदलावी.

धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात. गंज हे त्याचे कारण नव्हे. लसीकरण पूर्ण झालेल्यास स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या मात्रेला दहा वर्षे होईपर्यंत नवी मात्रा लागत नाही. जखम खोल वा मळकी असल्यास ही मुदत पाच वर्षांची. अडचण अशी, की ती तारीख फारशी कोणाच्या स्मरणात नसते. घरातील प्रत्येकाची तारीख रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम मात्र आम्ही किरकोळ मानीत नाही. पाय बधिर झाल्याने चप्पल चावलेली कळत नाही आणि फोड लक्षात येईतो कधी बोट गमावण्याची पाळी येते. वाकवत नसेल तर नातवंडांनी रोज आजी-आजोबांचे तळपाय पाहावेत. फोड वा भेग दिसल्यास घरी उपचार न करता त्याच दिवशी दाखवावे.

कुत्रे चावल्यास वा त्याने ओरखडल्यास तिखट-चुना न लावता साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि लसीसाठी तत्काळ निघावे. जखम दाबूनही रक्त थांबत नसेल, कडा फाकल्या असतील, आत काही रुतले असेल, लाली पसरत असेल किंवा ताप आला असेल, तर सकाळची वाट पाहू नये.