आठाने भागा, बाकी सांगते
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर संयोजकांना वाटलं, ही आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलेल. पण आपण पनवेलची माणसं. आपल्याकडे चार लोक जमले की दोन विषय निघतात, पाऊस आणि गणपतीचं रिझर्व्हेशन. पावसावर मला काही सांगता येत नाही. दुसऱ्यावर थोडं सांगते.

आपण दहावी झालो १९९५ साली. तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण झालेली नव्हती. १९८६ पासून गाडी रोह्याला जात होती, पुढचा मार्ग अजून अपुरा होता. गावी जायचं म्हणजे रात्रीची एसटी, खिडकीला डोकं टेकून झोप आणि पहाटे कुठल्यातरी घाटात जाग. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा रोह्यापासूनचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, सुमारे ७४० किलोमीटरचा. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. कोकणकन्येच्या स्लीपरमध्ये पहिल्यांदा आडवी झाले तेव्हा आई म्हणाली, "पाठ टेकून गावाला जाता येतं हे आज कळलं."

त्या बर्थला गादी आहे, हीसुद्धा कोकणातल्या माणसाची देणगी. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. त्याआधी दुसऱ्या वर्गात झोपायला नुसती लाकडी फळी होती. दंडवत्यांनी तिच्यावर फोमची गादी घातली. वरच्या वर्गाच्या सोयी कमी करण्यापेक्षा खालच्या वर्गाचा प्रवास सुसह्य करायचा, असा त्यांचा विचार होता. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही वर्गभेद नसलेली गाडी म्हणून.

आता थोडं गणित. गणिताचे सर समोर आहेत, चुकलं तर थांबवा. स्लीपरच्या डब्यात एका कप्प्यात आठ बर्थ असतात. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यात असे नऊ कप्पे, म्हणजे ७२ बर्थ. नव्या एलएचबी डब्यात दहा कप्पे, म्हणजे ८०. तुमच्या बर्थच्या नंबराला आठाने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा. बाकी ७ म्हणजे साइड लोअर आणि शून्य म्हणजे साइड अपर. म्हणजे ४६ नंबर मिळाला तर बाकी सहा, चढा वर. अर्धा बर्थ म्हणजे आरएसी मिळालं, तर साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं.

पण बर्थ द्यायचा कसा, हा खरा प्रश्न. एकच बर्थ पनवेल ते रत्नागिरी एकाला आणि रत्नागिरी ते मडगाव दुसऱ्याला देता येतो. समजा त्याआधीच कुणीतरी खेड ते कणकवली त्याच बर्थवर बसवला. झालं, या दोघांनाही तो देता येत नाही. मधला छोटा प्रवास दोन मोठे प्रवास अडवतो. म्हणून रेल्वे कोटे पाडते. गाडी सुटते तिथून शेवटपर्यंत जाणाऱ्यांचा वेगळा, मधल्या स्टेशनांचा वेगळा. आपण पनवेलहून मधल्याच कुठल्या स्टेशनाचं तिकीट काढलं की अनेकदा 'पूल्ड कोटा' हे शब्द दिसतात ते यामुळेच. गाडीत जागा रिकामी दिसते आणि आपण मात्र वेटिंगवर असतो, त्याचंही कारण बऱ्याचदा हेच असतं.

तुम्ही म्हणाल, मग डबे वाढवा. फलाटाची आणि क्रॉसिंगच्या लाइनची लांबी ठरलेली असते. आयसीएफ डबा साधारण २२ मीटर, एलएचबी साधारण २४. म्हणून जुने २४ आणि नवे २२ डबे जवळपास सारखीच जागा घेतात. गाड्या वाढवायच्या, तर आपला मार्ग बहुतेक एकेरी आहे. रोहा ते वीर एवढा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यामुळे एक एसी डबा जोडायचा म्हटलं की स्लीपरचा किंवा जनरलचा एक काढावा लागतो. सामानालाही जागा लागते. गाडीच्या टोकाला गार्डचा डबा असतो, त्यात लगेज आणि पार्सलही जातं. नोकरीसाठी मी गोव्याला गेले तेव्हा माझी स्कूटी अशीच गेली होती, पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून. स्लीपरच्या तिकिटावर चाळीस किलो सामान फुकट नेता येतं. आमच्या घरी परतीच्या प्रवासात फणस धरून हा आकडा कधी पाळला गेला नाही, हे आज कबूल करते.

थोडक्यात, गाडीत कुणालाही काही दिलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पंचविशीत असताना एका प्रवासी बस कंपनीसाठी सीटवाटपाचा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला सांगितलं होतं, मधल्या थांब्यांवर सीट रिकामी राहता कामा नये. मी रात्री जागून तो लिहिला. बस भरून जायला लागल्या, माझं कौतुक झालं. मग एक तक्रार आली. रात्रीची बस, एक आई आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. आईला पुढची सीट, मुलाला मागून दुसरी, शेजारी अनोळखी माणूस. ती बाई फोनवर भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "हे ठरवणाऱ्याला मूल नाही का हो?"

मी दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. सापडली नाही, कारण चूक नव्हतीच. मी सांगितलं होतं तेच तो करत होता. एका तिकिटावरची माणसं एकत्र बसवायची, हे मी सांगितलंच नव्हतं. मला ते सुचलं नाही.

तेव्हा मला आपला वर्ग आठवला. बाई दर सोमवारी बाकं फिरवायच्या. पहिल्या बाकावरचे शेवटी, बाकीचे एकेक पुढे. सगळ्यांना फळा, सगळ्यांना खिडकी, सगळ्यांना पंखा. फक्त दोघंजण फिरायचे नाहीत. एक मैत्रीण कायम पहिल्या बाकावर, आणि लांबच्या गावातून एसटीने येणारा एक मित्र कायम दाराजवळ. ती दोघं आज इथे आहेत, नावं घेत नाही. मी तेव्हा वर्गाची पुढारी. उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, हा अन्याय आहे." बाई रागावल्या नाहीत. त्या मैत्रिणीचा जाड भिंगांचा चष्मा मला लावायला दिला, मला शेवटच्या बाकावर पाठवलं आणि म्हणाल्या, "आता फळा वाच." मला नुसती पांढरी रेघ दिसली. "आता तो काढ आणि वाच." मला सगळं स्वच्छ दिसलं. "मग बस खाली."

बाई, तुम्हाला हे आठवत असेल की नाही, माहीत नाही. मी तो प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आधी एका तिकिटावरची माणसं एकत्र, मग बाकीचं गणित. काही सीट रिकाम्या राहायला लागल्या. साहेबांना पटवायला आठवडा लागला. मी त्यांना चष्म्याची गोष्ट सांगितली नाही, आकडेच दाखवले, पण डोक्यात गोष्ट तीच होती.

रेल्वेच्या नियमांतही असे चष्मे आहेत. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात खालचे बर्थ ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया आणि ४५ वर्षांवरच्या महिलांसाठी राखून ठेवतात. होय मैत्रिणींनो, ४५. आपण सगळ्याजणी आता त्यात बसतो. तिकीट काढताना 'सीनियर सिटिझन कोटा' असं लिहिलेलं दिसतं, तेवढं मनाला लावून घेऊ नका. एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तर तो मिळतो, हे मात्र लक्षात ठेवा. चौघांचं एकत्र तिकीट काढलंत तर गुडघेदुखीसकट वरच्या बर्थवर चढावं लागेल.

पण एक चष्मा अजून कुणी घातलेला नाही, असं मला वाटतं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते एकशेवीस दिवस आधी उघडायचं. मला माझी रजा दोन महिने आधी माहीत असते. सकाळी आठला मी लॅपटॉप उघडून बसते, वेगवान इंटरनेट असतं, आणि तरी कधीकधी वेटिंग येतं. आमच्या इमारतीच्या वॉचमनदादांना रजा मिळणार की नाही, हे आदल्या आठवड्यात कळतं. ते आणि मी एकाच तालुक्यातले. गेल्या गणपतीत मी खालच्या बर्थवर झोपून गेले आणि ते जनरलच्या डब्यात दाराशी उभे राहून. नियम आम्हा दोघांना अगदी सारखाच लागू होता.

याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण आपल्यातले कुणी नगरपालिकेत आहेत, कुणी बँकेत, कुणी हॉस्पिटलात, कुणाचं दुकान आहे. प्रत्येकजण रोज काही ना काही वाटत असतो, मग ते पाणी असेल, कर्ज असेल, खाट असेल, उधारी असेल. नियम करताना एकदा शेवटच्या बाकावर जाऊन, दुसऱ्याचा चष्मा लावून फळा वाचून बघा. एवढंच मी या शाळेत शिकले. इंजिनिअरिंगला ते कुणी शिकवलं नाही.

आणि येत्या गणपतीत गाडीत भेटलोच, तर नंबराला आठाने भागा. बाकी एक किंवा चार उरली आणि समोर कुणाचे गुडघे दुखत असतील, तर पुढचं तुम्हाला बाईंनी शिकवलेलं आहे.