छापील रंगाची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें हिरवट पाणी जून २०२० मध्यें गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस त्याचें कारण खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांत सांपडलें. अशा पाण्याचें चित्र दोन अंकांत निरनिराळ्या छटेनें छापलें गेलें, तर न घडलेला बदल वाचकास घडलासा वाटेल. पडद्यावर लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळतो. कागदावर मात्र निळी, किरमिजी, पिवळी व काळी शाई. पडद्यावरील कांहीं झगझगीत छटा या शाईंत उतरतच नाहींत. म्हणून ठरलेल्या कागद-शाईचें प्रोफाइल, म्हणजे रंगमापाचें टांचण, पीडीएफमध्यें अंतर्भूत असावें. आणि त्याच टांचणाबरहुकूम काढलेला नमुना पसंत झाल्यावरच यंत्र चालवावें. रंग ही जेथें साक्ष आहे, तेथें अंदाज पुरत नाहीं.