रिबिनीचें फूल

मुलीच्या वेण्या घालून झाल्या, कीं शेवटीं आईचीं बोटें रिबिनीकडे वळतात. एक वेढा, एक गांठ, दोन पाकळ्या; आणि वेणीच्या टोंकाशीं तांबडें फूल उमलतें. इंग्रजांना या आकारांत बांक दिसला व त्यांनीं त्याला धनुष्याचेंच नांव दिलें. मराठी मायबहिणींना त्यांत फूल दिसलें. दोहोंत अधिक रसिक कोण, हें श्रोत्यांनीं ठरवावें. हें फूल आतां वेणीपुरतें राहिलेलें नाहीं. नाताळांत दारावर टांगलेलें हिरव्या डहाळ्यांचें चक्र, स्मारकावर वाहिलेलें पुष्पचक्र, आहेराची पेटी, गणपतीचें मखर, पडद्याचा बंद, जेथें शोभा हवी तेथें त्याला बोलावणें येतें. तरीहि घरांतील वडील मंडळी "ही नसती हौस" एवढ्या तीन शब्दांत त्याची वासलात लावतात. ती हौस आहे यांत संशय नाहीं. परंतु त्या हौसेवर एकेकाळीं एक सबंध शहर जेवत होतें आणि हौस फिरतांच तेंच शहर उपाशी पडलें, ही हकीकत त्या वडील मंडळींनींहि ऐकण्याजोगी आहे. त्याआधीं फूल कसें करावें, हें पाहिलें पाहिजे.

फुलाचें अर्धें यश रिबिनीच्या निवडींत असतें. चांगली रिबीन म्हणजे कापडाची कापलेली पट्टी नव्हे. तें मुळांतच अरुंद विणलेलें वस्त्र आहे. आडवा धागा एका कडेला पोंचला, कीं तेथून वळून परत येतो, आणि त्या वळणानें दोन्ही बाजूंस कांठ तयार होतो. लुगड्याला कांठ असतो तसाच. कांठ आहे म्हणून धागे सुटत नाहींत आणि पाकळीला डौल येतो. बाजारांत दुसरी एक स्वस्त जात मिळते. तिच्यांत रुंद कापडाच्या पट्ट्या कापून त्यांच्या कडा खळीनें अथवा उष्णतेनें बंद केलेल्या असतात. एका दिवसाच्या पुष्पचक्राला ती चालते. दरवर्षीं काढून लावावयाच्या फुलाला ती घेऊं नये. चक्रावरच्या फुलासाठीं सर्वांत सोयीची रिबीन म्हणजे जिच्या दोन्ही कांठांत बारीक तार घातलेली असते ती. पाकळी चुरगळली, तरी बोटांनीं पुन्हा गोल करतां येते.

दीड-दोन फूट व्यासाच्या चक्राला अडीच इंच रुंदीची अडीच वार रिबीन पुरते. आरंभीं बारा इंचांचा सोगा सोडावा आणि तेथें रिबीन चुणून डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरावी. पुढची रिबीन पांच इंचांवर वळवून परत चिमटींत आणावी. ही पहिली पाकळी. दुसरी तिच्या समोरच्या बाजूस. अशा एकीकडे तीन व दुसरीकडे तीन पाकळ्या झाल्या, कीं मधोमध अंगठ्याभोंवतीं एक लहानसें वेटोळें करावें आणि उरलेला दुसरा सोगा खालीं सोडावा. साटिनीची चमक बहुधा एकाच अंगाला असते. म्हणून दर खेपेस रिबीन चिमटींत आली, कीं तिला अर्धा पीळ द्यावा, म्हणजे चकचकीत अंग पुन्हा वर येतें. नवशिक्याचें फूल बिघडतें तें येथेंच. तो पीळ विसरतो आणि निम्म्या पाकळ्या पाठमोऱ्या बसतात. शेवटीं मधल्या वेटोळ्यांतून बारीक तार ओंवून तिचीं टोंकें पाठीमागें आंवळावीं. आंवळतांना तार एका हातांत स्थिर धरून फूलच दोन-चार वेळां फिरवावें. बांधणी अधिक घट्ट बसते. मग पाकळ्या एकेक करून उलगडाव्या, एक वर, एक खालीं, एक बाजूला. सहाहि पाकळ्या शिपायांप्रमाणें एका ओळींत राहिल्या, तर तें फूल न वाटतां पंखा वाटतो.

सोग्याचें टोंक सरळ कापूं नये. सरळ कापलेल्या कडेचे धागे लवकर सुटतात. सोगा उभा दुमडून, कांठांच्या बाजूनें आरंभ करून घडीकडे तिरपें वर कापीत जावें. घडी उलगडली, कीं पाकोळीच्या शेपटीसारखें दुभंगलेलें टोंक मिळतें. आज मिळणारी बहुतेक चकचकीत रिबीन पॉलिएस्टरची असते. तिचें टोंक मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन् नेलें, कीं कड वितळून बंद होते. अस्सल रेशमावर अथवा सुतावर मात्र हा प्रयोग करूं नये. तीं वितळत नाहींत, जळतात. फूल काढून ठेवतांना पाकळ्यांत चुरगळलेला पातळ कागद भरावा.

वेणीच्या फुलाला तार नसते. तेथें सारी भिस्त गांठीवर. पुष्कळ मुलींचें फूल आडवें न बसतां वेणीच्या रेषेंत उभें राहतें आणि मधल्या सुटीपर्यंत सुटूनहि जातें. मग मुलीला धसमुसळी म्हणून बोल लावला जातो. खरा दोष बांधणाऱ्या हाताचा असतो. पहिल्या गांठींत उजवें टोंक डाव्यावरून नेलें असेल, तर पाकळ्या बांधतांना डावी उजवीवरून नेली पाहिजे. दोन्ही वेळां उजवीच बाजू वर आली, कीं गांठ तिरकी बसते, फूल फिरतें आणि हिसक्यांनीं सैल होतें. हा बदल ज्या दिवशीं करावा, त्याच दिवशीं संध्याकाळीं त्याचा प्रत्यय येतो.

आतां त्या शहराची हकीकत. इंग्लंडच्या मध्यभागीं कॉव्हेंट्री हें जुनें शहर आहे. अठराव्या शतकापासून तेथें रेशमी रिबिनी विणण्याचा धंदा वाढत गेला. विणकर बहुधा घरींच विणीत. माग माडीवर, मोठ्या खिडकीच्या उजेडांत, आणि बायकामुलांचे हात त्याच कामांत गुंतलेले. १८३१ सालीं वाफेवर माग चालविणारा एक कारखाना तेथें निघाला, तेव्हां चिडलेल्या विणकरांच्या जमावानें तो जाळून टाकला. तरी धंदा वाढतच होता. १८५७ च्या सुमारास शहर व आसपासचीं खेडीं मिळून जवळ जवळ २५,००० माणसांचें पोट रिबिनीवर होतें. त्याच वर्षीं जॉन व जोसेफ कॅश या भावांनीं कालव्याच्या कांठीं एक नवी वसाहत बांधावयास घेतली. खालीं राहतें घर, सर्वांत वर मागाची माडी, आणि एका वाफेच्या इंजिनापासून दांड्यांवाटे प्रत्येक माडीवर नेलेली शक्ति. विणकराला उंबरठा न ओलांडतां यंत्राचें बळ मिळावें, अशी ती योजना होती. यंत्र आणि घर यांचा इतका समंजस मेळ त्या काळीं फार थोड्यांनीं घालून पाहिला असेल. १०० घरें व्हावयाचीं होतीं, झालीं ४८.

कारण १८६० साल उजाडलें. त्या जानेवारींत इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत व्यापारी तह झाला आणि फ्रेंच रेशमी मालावरची जकात उठली. सेंत-एतिएन येथील नामांकित रिबिनी इंग्लंडच्या दुकानांत मोकळेपणानें येऊं लागल्या. त्याच सुमारास स्त्रियांच्या टोप्यांवर रिबिनीऐवजीं पिसें खोंवण्याची टूम निघाली. मजुरीच्या दरांवरून विणकरांनीं मोठा संप केला, तो फसला. माग थंड पडले, घराघरांतून उपासमार सुरू झाली, आणि कित्येक कुटुंबें गांव सोडून, कांहीं तर देश सोडून गेलीं. १८६१ च्या खानेसुमारींत सुमारें ४१,००० वस्तीचें हें शहर १८७१ सालीं ३८,००० च्याहि आंत आलें.

धान्य महागलें, तरी माणूस तें घेतो. रिबीन स्वस्त झाली, तरी नको झाली कीं नकोच. ज्याचें पोट दुसऱ्याच्या हौसेवर भरतें, त्याला दुष्काळ पडावयास पाऊस चुकावा लागत नाहीं. पेशवाई बुडाल्यावर पैठणच्या विणकरांनीं असेच दिवस पाहिले. मराठी श्रोत्यांना त्याचा अधिक विस्तार नको.

कॉव्हेंट्रींतील कांहीं जण मात्र तोच माग धरून राहिले. टॉमस स्टीव्हन्स यानें १८६२ सालीं रिबिनीवर रेशमाचीं चित्रें विणून तिच्या पुस्तकांत घालावयाच्या खुणा केल्या, आणि पुढें चौकटींत लावण्याजोगीं चित्रेंहि विणलीं. कॅश यांच्या मागांवर शाळकरी मुलांच्या कपड्यांवर शिवावयाच्या नांवाच्या फिती निघूं लागल्या. फुलाची रिबीन गेली, ओळखीची आली. बाकीच्या शहरानें दुसरी वाट धरली. १८६३ सालीं तेथें शिवणयंत्रांचा कारखाना निघाला, १८६९ पासून त्याच कारखान्यांत सायकली होऊं लागल्या, आणि विणकरांचें गांव पुढें सायकलींचें व मोटारींचें गांव म्हणून जगाला ठाऊक झालें. कालव्याकांठचीं तीं घरें अजून उभीं आहेत. त्यांच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यांहून कितीतरी मोठ्या आहेत. मागावर उजेड पडावा म्हणून त्या तशा ठेवल्या होत्या.