रेषा आधीं, रंग मागून

घराचा नकाशा हें एक पत्र आहे. तें लिहिणारा एक असतो, वाचणारे अनेक असतात, आणि वाचण्याच्या वेळीं लिहिणारा बहुधा जवळ नसतो. घर बांधण्याचें ठरलें म्हणजे तो कागद प्रथम दिवाणखान्यांत उलगडला जातो. देवघर कोठें, स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेला, याची चर्चा त्याच्यावर बोट ठेवून होते. परंतु त्या पत्राचा खरा वाचक दिवाणखान्यांत बसलेला नसतो. तो भर उन्हांत, हातांत ओळंबा घेऊन उभा असतो. त्याच्याजवळ पोहोंचलेला कागद मूळचा नसून प्रतीवरून काढलेली प्रत असते. घड्यांवर झिजलेली, चुन्यासिमेंटाच्या हातांनीं हाताळलेली. रेषा संदिग्ध असेल तर त्याला तर्क करावा लागतो. तर्क चुकल्याचें कागदावर लक्षांत आलें तर खोडरबरानें भागतें. भिंत उभी राहिल्यावर आलें तर पहार चालवावी लागते.

म्हणून तांत्रिक रेखाचित्रांत सुबकपणाचा मान दुसरा, पहिला मान स्पष्टपणाचा. स्पष्टपणाचीं मुख्य साधनें दोन: रेषेची जाडी आणि रंग. या दोहोंचीं कामें निराळीं आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली म्हणजेच बहुतेक घोटाळे उत्पन्न होतात.

प्रथम जाडीचा विचार करावा. घराचा नकाशा म्हणजे वास्तविक घराचा आडवा छेद होय. जमिनीपासून सुमारें चार फुटांवर सबंध घर सुरीनें कापलें, वरचा भाग उचलून बाजूस ठेवला आणि उरलेल्या भागाकडे वरून पाहिलें, तर जें दिसेल तें नकाशांत काढलेलें असतें. जें प्रत्यक्ष कापलें गेलें, म्हणजे भिंती आणि खांब, त्याच्या कडा सर्वांत जाड. जें कापलें गेलें नाहीं पण खालीं दिसतें, म्हणजे पायऱ्या, ओटा, खिडकीचा उंबरा, त्याची रेषा मध्यम. मापें दाखविणाऱ्या रेषा आणि फरशीच्या सांधी सर्वांत बारीक. डोक्यावरून जाणारी तुळई दिसत नाहीं, पण तिचें स्थान सांगणें अवश्य असतें; म्हणून तिची रेषा तुटक. एवढी शिस्त पाळली कीं, वाचणाऱ्याचा डोळा आपोआप आधीं भिंतींवर जातो, मग पायऱ्यांवर, आणि शेवटीं मापांवर. उलट सर्व रेषा एकाच जाडीच्या असल्या तर भिंत, पायरी आणि मापरेषा एकाच आवाजांत बोलूं लागतात, आणि सभेंत सगळेच एकदम बोलूं लागल्यावर जें होतें तेंच कागदावर होतें.

यंत्राच्या चित्रांतही न्याय हाच. दिसणाऱ्या कडा जाड, पोटांत लपलेल्या कडा बारीक व तुटक, आणि अक्षाची रेषा बारीक असून एक लांब, एक आंखूड अशा तुकड्यांची. जाड रेषा बारीक रेषेच्या निदान दुप्पट असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. फरक याहून कमी ठेवला तर तो मुद्दाम केला कीं हात हलल्यामुळें झाला, हें वाचणाऱ्याला ठरवितां येत नाहीं.

या जाडींची जी आंतरराष्ट्रीय मालिका रूढ झाली आहे ती अशी: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ आणि १ मिलिमीटर. हे आंकडे प्रथमदर्शनीं विचित्र वाटतात. परंतु त्यांच्यामागें एक सुंदर हिशेब आहे. ए-१ आकाराच्या कागदावरील चित्र त्याच्या निम्म्या क्षेत्रफळाच्या ए-२ कागदावर उतरविलें, तर प्रत्येक लांबी २ च्या वर्गमुळानें, म्हणजे सुमारें १.४१ नें, भागली जाते. मालिकेंतील लागोपाठच्या दोन जाडींचें प्रमाणही जवळजवळ तेंच आहे. त्यामुळें चित्र एक पायरी लहान केलें कीं ०.७ ची रेषा ०.५ ची होते आणि ०.५ ची ०.३५ ची. सबंध कुटुंब एक पायरी खालीं उतरतें, पण थोरल्याधाकट्यांचा क्रम मोडत नाहीं. मात्र दोन पायऱ्या उतरावयाच्या असतील तर मूळ चित्रांतच अतिबारीक रेषा टाळावी; नाहींतर लहान प्रतींत ती जागोजाग तुटते आणि अखंड कड तुटक भासूं लागते. समांतर रेषांमध्यें ०.७ मिलिमीटरपेक्षां कमी अंतर ठेवूं नये असें म्हणतात, तें यासाठींच. त्याहून जवळच्या रेषा प्रतींत एकमेकींना चिकटतात.

आतां रंगाकडे वळावें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील यंत्रांचीं चित्रें जलरंगांनीं भरलेलीं असत. ओतीव लोखंडाला करडा, घडीव लोखंडाला प्रशियन निळा, पोलादाला जांभळट, पितळेला पिवळा, असे त्यांचे ठराविक रंग होते. चित्र पाहतांच कोणता भाग कोणत्या धातूचा हें कळे. परंतु अशी प्रत प्रत्येक वेळीं हातानें रंगवावी लागे. इ. स. १८४२ मध्यें सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानें लोहाच्या क्षारांनीं माखलेल्या कागदावर सूर्यप्रकाशानें निळी प्रतिमा उमटविण्याची युक्ति शोधून काढली. पुढें त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही रीति आरेखनशाळांत शिरली. पारदर्शक कापडावर शाईनें काढलेलें चित्र तसल्या कागदावर ठेवून उन्हांत धरलें कीं, प्रकाश लागलेला भाग निळा होई आणि शाईच्या आडोशाचा भाग धुतल्यावर पांढरा राही. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचा तो नकाशा अनेकांच्या परिचयाचा आहे.

या निळ्या प्रतीनें काम स्वस्त केलें, पण रंग सगळे गिळून टाकले. करडा, जांभळा, पिवळा यांपैकीं कांहींच तींत उतरत नसे. उतरे ती फक्त रेषा. मग धातूंची ओळख रंगाकडून काढून रेषांच्या जाळीकडे सोंपवावी लागली, आणि महत्त्वाचा क्रम जाडीकडे आला. त्या अडचणींतून आरेखनाला मिळालेला धडा अद्याप खरा आहे: जो अर्थ केवळ रंगांत ठेवला, तो प्रत काढतांना नष्ट होऊं शकतो.

याशिवाय रंगाला एक जन्मजात मर्यादा आहे. फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञ जाक बर्तँ यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दृश्य चिन्हांची फोड करतांना ती दाखवून दिली. जाड आणि बारीक यांत थोरलेंधाकटें आहे, तें लहान मूलही सांगेल. तांबडा थोरला कीं हिरवा थोरला, हें मात्र कोणालाच सांगतां येणार नाहीं. रंग दोन वस्तू निराळ्या आहेत एवढेंच सांगतो. त्यांतील मुख्य कोणती हें सांगत नाहीं. म्हणून क्रम जाडीनें दाखवावा आणि जात रंगानें.

या दोहोंचा उत्तम मेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत पाहावयास मिळतो. त्यांत समान उंचीच्या रेषा तपकिरी असतात; ही त्यांची जात. परंतु ठराविक अंतरानें त्यांतील एक रेषा जाड काढलेली असते. हा त्यांचा क्रम. डोंगराचा चढ मोजणारा आधीं जाड रेषा मोजतो आणि मग मधल्या बारीक. त्याच नकाशांत पाणी असलेला प्रवाह निळा दाखवितात आणि कोरडें पात्र काळें. उन्हाळ्यांत सह्याद्रीच्या एखाद्या घाटांतून उतरणाऱ्याला त्या दोन रंगांतला भेद तहानेइतका महत्त्वाचा वाटतो.

शहरांतील कुटुंबाचा संबंध येतो तो इमारतीच्या नकाशाशीं. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्यें प्रथम प्रसिद्ध झाली. मंजुरीसाठीं द्यावयाच्या नकाशांच्या रंगांचे तींत जे संकेत आहेत, त्यांप्रमाणें भूखंडाची हद्द जाड काळी, नवें काम तांबडें, पाडावयाचें काम पिवळ्या तिरप्या रेषांचें, सांडपाण्याची वाहिनी तांबडी तुटक आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी बारीक काळी तुटक. येथें रंगाच्या जोडीला रेषेचा प्रकारही दिला आहे हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पाडावयाची भिंत पिवळी तर आहेच, शिवाय तिरप्या रेषांची आहे. पिवळा रंग प्रतींत पुसट झाला तरी तिरप्या रेषा राहतात. पण पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांकडे पाहावें. काळी प्रत काढतांच दोन्ही काळ्या तुटक होतात, आणि त्यांच्यामध्यें फक्त जाडीचा भेद उरतो. तो आरेखकानें राखला नसेल, तर घराच्या मागच्या बाजूस खणणाऱ्याला कोणती वाहिनी कोणती, हें कागद सांगणार नाहीं. येथील चुकीची किंमत घरांतील माणसें प्रकृतीनें मोजतात. म्हणून अशा ठिकाणीं जाडीचा फरक ठळक ठेवावा आणि रेषेवर वाहिनीचें नांवही लिहावें.

प्रत काढण्याचें यंत्र जसें रंग गमावतें, तसे कांहीं डोळेही गमावतात. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यानें आपल्या स्वतःच्या वर्णांधत्वाचें वर्णन १७९४ सालीं मँचेस्टर येथें विद्वानांपुढें वाचलें. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरांतील सुमारें आठांना तांबड्याहिरव्याचा भेद नीट कळत नाहीं. स्त्रियांत हें प्रमाण फारच अल्प आहे. जेथें एकाच गोष्टीसाठीं तांबडी आणि हिरवी अशी जोडी वापरली जाते, तेथें अशा वाचकाची फसगत निश्चित. विजेच्या कामांत यावर एक चांगला उपाय निघाला आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतींत जमिनीशीं जोडलेल्या तारेला हिरव्यावर पिवळा पट्टा असतो. ज्याला हिरवा ओळखतां येत नाहीं, त्याला पट्टा तरी ओळखतां येतो. रंग आणि आकृति यांनीं तेथें एकमेकांची साक्ष दिली आहे.

आतां आरेखन संगणकावर होतें. तेथें जुनाच धोका नव्या वेषांत येतो. पुष्कळ आरेखक काळ्या पडद्यावर काम करतात. काळ्यावर पिवळी रेषा झगझगीत दिसते; तीच पांढऱ्या कागदावर छापली कीं जवळजवळ अदृश्य होते. शिवाय पडद्यावरचा अमुक रंग म्हणजे छापतांना अमुक जाडी, असा करार कित्येक कचेऱ्यांत केलेला असतो. तो करार चित्राबरोबर दुसऱ्या कचेरींत पोहोंचला नाहीं, तर सर्व रेषा सारख्याच छापल्या जातात आणि भिंत मापरेषेंत हरवते.

तेव्हां आरेखकानें, आणि पैसे मोजून नकाशा घेणाऱ्या गृहस्थानेंही, कागद हातावेगळा करण्यापूर्वीं तीन कसोट्या लावाव्या. पहिली: साधी काळीपांढरी प्रत काढून पाहावी, आणि ती मूळ आकाराच्या निम्मी करावी, तिच्यांत अर्थ टिकला तर रंगाचें ओझें योग्य तेवढेंच आहे. दुसरी: कागद हातभर लांब धरावा, भिंती प्रथम दिसल्या पाहिजेत. तिसरी: ज्यानें तें चित्र काढलें नाहीं अशा माणसाच्या हातीं तें द्यावें आणि न सांगतां काय समजतें तें विचारावें. या तीन कसोट्यांत उतरलेल्या चित्राला मग रंग खुशाल द्यावे. पांढऱ्या कागदावर काळा, गडद निळा, तांबडा आणि तपकिरी यांवर भिस्त ठेवावी. पिवळ्याला रेषेचें काम देऊं नये. रंग तीनचारांपेक्षां अधिक झाले तर त्यांची सूची जवळ लिहावी. नकाशा काढणारा दूर असतो, आणि खणणाऱ्याच्या हातीं कुदळ असते. त्या कुदळीला थांबविण्याचें सामर्थ्य केवळ कागदावरच्या रेषेंत असतें.